देवाले द्यायची वस्तू

१

उकंडराव मास्तर मेले सोमवारी, अन् खुनी म्हणून नाव लागलं माह्या शिडीचं.

मी नजीर मिस्त्री. वरवट बकालात चाळीस वर्षं झाले रंधा मारून राह्यलो. गावात असं घर नाही का ज्यात माह्या हातचं काही नाही. पाट म्हणा, पलंग म्हणा, पाळणा म्हणा. मास्तराच्या घरची शिडीबी माहीच, दोन वर्षांखालची. सोमवारी दुपारी मास्तर धान्याच्या खोलीत पडलेले दिसले. डोक्याची मागची बाजू फुटलेली, बाजूले शिडी आडवी, अन् शिडीची चौथी पायरी मधातून मोडलेली. माळ्यावर त्याइच्या वह्या राहत. वही काढायले चढले, पायरी मोडली, खाली जात्याच्या दगडावर डोकं आपटलं, असं साऱ्याइनं ठरवलं. जमादार आला, त्यानं अपघात लिहून घेतला, चहा घेतला अन् गेला.

आता आमच्या गावची रीत सांगतो. जे वस्तू माणसाचा जीव घेते, ते घरात ठेवत नाहीत. शिवेवर मरीमायचा ओटा आहे, तिथं नेऊन ठेवतात. कोणाच्या विहिरीचा दोर, मारक्या बैलाचा कासरा, एका फटफटीचं हॅन्डलबी पडेल आहे तिथं. एकदा ठेवलं का ते मरीमायचं झालं, मंग त्याले कोणी हात लावत नाही. हिंदू असो का मुसलमान, सारे पाळतात. मंगळवारी सकाळी शेजाऱ्याइनं शिडी उचलली अन् ओट्यावर नेऊन टाकली.

पण लोकाइचं काय सांगू बाप्पा! शिडी वाईट, तं शिडी करणारा कसा चांगला? बुधवारी एका घरचा पाट बाहेर निघाला. मंग कोणाचा पलंग, कोणाची दुसरी शिडी. सारं मरीमायजवळ. माह्या हातची चाळीस वर्षं तिथं ढिगानं पडू लागली. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच.

गुरुवारी जळगाव जामोदवरून जीप आली. जीपमधून पाळणा उतरला. माही पोरगी महनूर तिथं सासरी आहे, नववा महिना चालू आहे. तिच्या लेकरासाठी सागवानी पाळणा केला होता मी, वर मोर कोरला होता. ड्रायव्हर माह्याकडं न पाहता बोलला, "चाचा, तुमचे व्याही म्हणे का या पाळण्यात आमचं लेकरू घालणार नाही. अन् म्हणे, ज्या घरचा पाळणा असा, त्या घरची सून ठेवायची का नाही, याचाबी विचार करा लागन."

माही बायको बिस्मिल्ला दारातच खाली बसली. मी चप्पल घातली.

"कुठं चालले?" तिनं इचारलं.

"मरीमायजवळ. माह्या शिडीनं माणूस मारला का नाही, ते तिलेच इचारतो."

२

तिथल्या वस्तूले हात लावायचा नाही, हे मले आईच्या दुधासंगं पाजलं होतं. तरी लावला. दुपारचं ऊन, चिटपाखरू नव्हतं.

आधी पायऱ्याइमधलं अंतर पाह्यलं. जेमतेम एक वीत. शिडीले येवढं कमी अंतर कोणी ठेवत नाही. मले ध्यान झालं, मास्तरच म्हणाले होते, "जवळ जवळ ठेव रे, सिंधू बुटकी आहे." सिंधूताई म्हणजे मास्तराची लहान बहीण. लग्न नाही झालं, उभा जन्म भावाच्याच घरी भाकरी थापल्या. मास्तराचे गुडघे गेले होते. दोन वर्षांत माळ्यावर सिंधूताईच चढत, मास्तर खालून हुकूम सोडत. मंग सोमवारी मास्तर काऊन चढले?

मंग मोडलेली पायरी पाह्यली. बाभळीची पायरी, अडीच मण पेलते. माणसाच्या वजनानं मोडली असती तं खालच्या अंगाले लांब लांब चिरफळ्या निघाल्या असत्या. इथं वरून लाकूड चेचलेलं. वाटीयेवढा गोल खड्डा. कोणीतरी शिडी आडवी टाकून वरून जड, गोल काहीतरी हाणलं होतं. खड्ड्यात पिवळं दिसलं. नखानं काढून वास घेतला.

हळद!

शिडी उचलून बाजूले केली. खाली एक वरवंटा होता. काळा, गुळगुळीत, धुवून पुसून ठेवलेला, वर कुंकवाचं बोट ओढलेलं. गावात वरवंट्यानं कोणी मेल्याचं मी तं ऐकलं नव्हतं. अन् तो शिडीच्या खाली होता, म्हणजे शिडी यायच्या आधी आला होता. सोमवारीच कोणीतरी हा वरवंटा, म्हणजे खरा खुनी, गुपचूप मरीमायले देऊन गेलं होतं. शिडी मंगळवारी गेली.

विहिरीत टाकला असता तं जन्मात सापडला नसता. पण ज्यानं ठेवला, त्याले पोलिसाचं भेव कमी होतं अन् मरीमायचं जास्त.

३

मास्तराच्या घरात तीन माणसं. पोरगा अविनाश, सून समीक्षा, अन् सिंधूताई. मास्तरासारख्या माणसाले मारायची पाळी तिघाइवरबी आली असन, याचं मले नवल नव्हतं. मी त्याइच्याच हाताखाली शिकलो. इंग्रजीत नापास झालो तवा भर वर्गात माह्या गळ्यात रंधा बांधून उभं केलं होतं मले.

मास्तराले मेल्या शब्दाइचा नाद होता. इंग्रजीतले जे शब्द आता कोणी बोलत नाही, ते वहीत मांडायचे. त्याचं मराठीत पुस्तक करून राह्यले होते. शिडीचं माप घ्यायले गेलो तवा मले समोर बसवून एक शब्द सांगतला होता.

"डिओडॅंड. म्हणजे देवाला द्यायची वस्तू. मूळ लॅटिन. इंग्लंडात पाच-सहाशे वर्षं कायदा होता, नजीर. गाडीखाली माणूस मेला तर गाडी गुन्हेगार. बैलानं मारलं तर बैल. पंच बसायचे, वस्तूचा दोष ठरवायचे, आणि ती राजाकडं जमा व्हायची. राजानं ती देवाच्या नावानं दानधर्माला लावायची. कागदावर हं! प्रत्यक्षात राजाच गिळायचा. पुढं आगगाडी आली, इंजिनं माणसं मारायला लागली. पंच इंजिनाला दोष लावायला लागले, तसे कंपनीवाले बोंबलले. अठराशे सेहेचाळीस साली कायदा मेला, मागोमाग शब्दही मेला. तुमच्या मरीमायजवळ मात्र तो अजून जिवंत आहे."

येवढ्यात सिंधूताई पाणी घेऊन आल्या. मास्तर हसले. "आणि माझ्या घरातही आहे. ही बघ, आमचं डिओडॅंड."

सिंधूताईनं तांब्या ठेवला अन् आत गेल्या. गावात सारे जाणत होते ते. त्या नऊ वर्षांच्या असताना कडेवरचा वरीसभराचा भाऊ पडून मेला होता. त्या दिवसापासून त्याइनं कोणाचं लेकरू हातात घेतलं नाही. पण गावात लेकरू होणार असलं का त्या वाकळ शिवत. जुन्या लुगड्याची, मऊ, बारीक टाक्याची. माह्या महनूरच्या लेकरासाठीबी शिवली होती, पंधरा दिवसाआधीच स्वतः आणून दिली.

शुक्रवारी सकाळी मी मास्तराच्या घरी गेलो. अविनाश ओसरीवर मोबाईल पाहत होता.

"चाचा, लपवून काय करू," तो म्हणे. "म्हातारा गेला, सुटलो. रोडवरचा प्लॉट इकू देत नव्हता. तुमच्या शिडीनं उपकारच केले."

"शिडी मरीमायजवळ तू पाठवली?"

"मी? मी तं भंगारवाल्याले देत होतो. शेजारीच बोंबलले. त्या मरीमायच्या कचऱ्यावर माहा भरोसा नाही, लाज वाटते सांगायले."

समीक्षा आतून चहा घेऊन आली. अकोल्याची पोरगी, लग्नाले दोन वर्षं झाले. मास्तराचं नाव काढल्यावर तिचे डोळे लाल झाले, पण रडून नाही, रागानं. "मले रोज एक मेला शब्द द्यायचे, चाचा. पाठ नाही झाला तं पाहुण्याइसमोर उभं करत. मले तं हेच समजलं नाही का शिडी तिकडं काऊन नेली. आत्याबाईनं तं सोमवारी संध्याकाळी तिच्यावरच लुगडं वाळत घातलं होतं."

मी कपबशी खाली ठेवली.

"कोणत्या शिडीवर?"

"तेच मोडलेली. अंगणात आणून टेकवली होती. आत्याबाईनं लुगडं धुतलं अन् तिच्यावर टाकलं."

ज्या बाईनं जन्मभर मांजर आडवं गेलं तं पाय धुतले, त्या बाईनं भावाचा जीव घेणाऱ्या शिडीवर लुगडं वाळवलं? त्या रीतीले मानत नव्हत्या असं नाही. शिडीनं काहीच केलं नाही, हे घरात फक्त त्याइले माईत होतं.

"पोरी, तुमचा पाटा-वरवंटा कुठं आहे?" मी इचारलं.

"मी तं मिक्सर वापरतो. आत्याबाईचा तिकडं न्हाणीजवळ."

मी न्हाणीकडं गेलो. पाटा होता. कडेले हळद वाळून चिकटलेली. वरवंटा नव्हता. अन् पाट्याच्या बाजूले सिंधूताई बसल्या होत्या, माह्याकडंच पाहत.

४

"नजीरभाऊ, तुमी तिथल्या वस्तूले हात लावला," त्या म्हणाल्या. "काल मी देवीले दिवा लावायले गेली तं शिडी सरकलेली दिसली. तवाच समजलं मले."

"ताई, माह्या दारात पाळणा परत आला."

"कोणाचा?"

"महनूरचा. उद्या पोरगीबी येईन परत. तुमी शिडीचं नाव सांगतलं, पण शिडीमांगं मी होतो ना!"

त्याइचं तोंड पांढरं पडलं. "अल्ला-देवाची आण, मले हे सुचलंच नाही. मले वाटलं, लाकडाले काय लागते. लाकूड कुठं रडते." मंग कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला. तेलकट, दोन कडा फाटलेल्या. "तुमाले वाचता येते. वाचा."

मास्तराच्या हातचा कच्चा मजकूर होता. पक्कं लिहून झालं का ते जुने कागद सिंधूताईले देत, डब्यात पापडाखाली घालायले. वर तारीख होती, एकतीस वर्षांखालची. डिओडॅंडचंच पान होतं. खाली लिहिलेलं होतं: वस्तू हलत असेल तरच तिचा पूर्ण दोष. न हलणाऱ्या गाडीवरून किंवा घोड्यावरून लहान मूल पडून मेलं, तर त्या वस्तूवर काहीही दोष नाही.

"सोमवारी डबा धुवायले घेतला," त्या म्हणाल्या. "अक्षर दिसलं, वाचून काढलं. नजीरभाऊ, मी उभी होती. रस्त्यानं वरात चालली होती, बँड वाजून राह्यला होता. मी दारात उभी होती, जागची हलली नव्हती. लेकरानंच झेप घेतली. हळद वाटता वाटता तशीच उठली अन् धान्याच्या खोलीत दादाच्या म्होरं कागद ठेवला. म्हटलं, दादा, तुमच्याच कायद्यानं माह्यावर दोष नव्हता. तुमाले एकतीस वर्षं माईत होतं?"

"काय म्हणे मास्तर?"

"हसला तो. म्हणे, माहीत होतं की. पण तुला सांगितलं असतं तर तू ताठ मानेनं लग्न करून गेली असतीस, मग आमच्या भाकऱ्या कोणी थापल्या असत्या? तवाबी दोन स्थळं होती मले, भाऊ. एक बिजवर होता मलकापूरचा, चांगला होता. दादानंच त्याले सांगतलं, आमची बहीण अपशकुनी आहे म्हणून. अन् मंग म्हणे, जा, हळद वाट. माह्या हातात वरवंटा होताच."

मले मास्तराची कीव आली नाही. खोटं काऊन बोलू? त्या घडीले वाटलं, कागद फाडावा अन् घरी जावं. पण दारात पाळणा उलटा पडेल होता, अन् पोरीचा नववा महिना होता.

"वरवंटा विहिरीत का नाही टाकला?"

"त्यानं जीव घेतला होता. तो देवीचा होता. ते कसं चुकवू?" त्या साध्या आवाजात बोलल्या. "मी लोकाइले खोटं बोलली. देवीले कसं बोलू?"

मंग त्याइनं माह्यासमोर हात जोडले. "तुमी सांगा गावाले. मी जायले तयार आहे. एकच करा. आधी हा कागद वाचा. सारे जमतील तवा, पहिले हा वाचा. माह्या हातून लेकरू मेलं नाही, हे माह्या जीवात जीव आहे तवा एकदा कोणीतरी मोठ्यानं म्हणा. मंग बाकीचं सांगा. माहं कोण ऐकन?"

"वाचतो," मी म्हटलं. "जबान देतो."

५

संध्याकाळी मरीमायच्या ओट्यापाशी सारं गाव जमवलं. जमादार आला, अविनाश आला. सिंधूताई निंबाखाली उभ्या होत्या, धुतलेलं लुगडं नेसून. कागद माह्या खिशात होता.

मी ओट्यावर चढलो, अन् समोर माह्या चाळीस वर्षांचा ढीग दिसला. पाट, पलंग, शिड्या. पावसापाण्यात सडायले टाकलेल्या. डोकं फिरलं माहं. कागद खिशात राह्यला अन् मी शिडी उचलली.

"डोळे उघडून पाहा बे!" मी ओरडलो. "ही पायरी वजनानं मोडली नाही, वरून चेचली! हे हळद पाहा! हा वरवंटा पाहा! माहं लाकूड माणूस मारत नाही!"

मंग काय. कोणी म्हणे वरवंटा कोणाचा, कोणी म्हणे सिंधूचा, अन् सारे निंबाकडं पळाले. एका म्हाताऱ्यानं आरोळी दिली, "आधी लेकरू मारलं, आता भाऊ मारला!" दुसऱ्यानं तेच म्हटलं, तिसऱ्यानंबी. मी कागद काढला. "थांबा! ऐका! हे वाचायचं आहे!" मी वाचलंबी. बोंबाबोंबीत माहा आवाज मलेच ऐकू आला नाही.

सिंधूताईनं फक्त एकदा माह्याकडं पाह्यलं. राग नव्हता. माणूस मोटार चुकल्यावर रस्त्याकडं पाहते, तसं पाह्यलं. मंग त्या स्वतःच जमादाराच्या जीपकडं चालू लागल्या.

शनिवारी लोकं आपापले पलंग अन् पाट परत घेऊन गेले. मरीमायची माफी मांगतली, नारळ फोडले. मले तीन नव्या शिड्याइचं काम आलं. व्याह्याचा फोन आला, "मिस्त्री, गैरसमज झाला, पाळणा पाठवा." मी सारं घेतलं. पोट आहे, पोरगी आहे.

रविवारी सकाळी ओट्यावरून जाताना पाह्यलं तं ढीग पुन्हा वाढला होता. या खेपेले वाकळा होत्या. लहान लहान, लेकराइच्या, बारीक टाक्याच्या. चाळीस वर्षं ज्या ज्या घरी पाळणा हालला, त्या त्या घरून सिंधूताईच्या हातची वाकळ येऊन पडली होती. ज्या वाकळीत निजून जे पोट्टे मोठे झाले, तेच आणून टाकत होते. कोणी नाकाले रुमाल लावून, कोणी काडीनं उचलून.

घरी आलो तं पाळण्यात घालून ठेवलेली महनूरची वाकळ बिस्मिल्लाच्या हातात होती.

"कुठं चालली?" मी इचारलं.

"तुमाले माईत आहे कुठं," ते म्हणे. "पोरीचे दिवस भरत आले, पाळणा आज तिच्या सासरी जाते. खुनी बाईच्या हातचं माह्या नातवाले नाही चालणार. तुमाले ठेवायची असन तं ठेवा, पण मंग व्याह्याले तुमीच सांगा."

माह्या खिशात तो तेलकट कागद अजून होता. वस्तू हलली नाही तं तिच्यावर दोष नाही, असं त्यात लिहून होतं. मी हललो, दारातून बाजूले झालो, बिस्मिल्लाले वाट दिली, अन् रंधा मारायले बसलो.